आपोआप झालं म्हणे

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बॅकअपकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरातल्या संगणकाचा पडदा निळाशार झाला होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच मागणी होती. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका, मग बोलू. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पडदा निळाच. संगणक बंद केला, मनात वीस मोजले, चालू केला. पंखा घरघरला, दिवा लागला, आणि पडदा पुन्हा तसाच, निळा आणि ढिम्म.

"अगंबाई," काका स्वतःशीच म्हणाले. एरवी हा शब्द त्यांच्या तोंडी नसतो. तो त्यांच्या सासूबाईंचा आहे.

"काय झालं हो जावईबापू?" दाराजवळच्या खुर्चीतून सासूबाईंनी लगेच विचारलं. सासूबाईंना दिसतं कमी, पण ऐकू येतं नको तितकं.

"कुठे काय! काही नाही."

"नाही, अगंबाई म्हणालात म्हणून विचारलं."

आता हे बॅकअपकाका कोण, ते सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी जी तीनमजली इमारत आहे, तिच्या जिन्याखाली त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच. आत येणाऱ्याने वाकलं नाही तर कपाळाला टेंगूळ ठरलेलं. त्याआधी ते टंकलेखन यंत्रं दुरुस्त करायचे. कोणती कळ दमलीय हे म्हणे नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मग ती यंत्रं गेली, संगणक आले, आणि काकांनी हत्यारं बदलली. स्वभाव तेवढा तोच राहिला. सव्वीस वर्षं झाली. दुकानात त्यांच्या डोक्यामागे एक पाटी आहे : "खोटं बोलू नका. यंत्र सांगतंच."

गिऱ्हाईक आलं की काका आधी यंत्राकडे बघत नाहीत. आधी तीन प्रश्न. बॅकअप आहे का? शेवटचं काय केलंत? हात कोणी लावला? पहिल्या प्रश्नामुळे त्यांचं नाव पडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मात्र सव्वीस वर्षांत एकच उत्तर मिळालं, आणि त्या उत्तरावर काकांच्या घरची रोजची करमणूक चालायची.

कारण काका नकला फर्मास करतात. जेवायला बसले की सासूबाई ताट पुढे ओढत म्हणणार, "हं, आज कोण कोण आलं होतं?" की काका सुरू. आधी निवृत्त मुख्याध्यापक, छाती पुढे, हात पाठीमागे : "हे पाहा. मी शिस्तीचा माणूस आहे. मी काहीही केलेलं नाही. ते आपोआप झालं." मग केशकर्तनालयवाली, मान वाकडी करून : "अय्या, मी तर नुसती बघत होते हो, आणि ते आपोआपच झालं!" मग वकीलसाहेब, घसा खाकरून : "माझ्या मुलीने कोणतीही कळ दाबलेली नसून, सदर प्रकार आपोआप घडलेला आहे." इथे बायकोला हमखास ठसका लागायचा आणि सासूबाई पदराने डोळे पुसायच्या.

"सगळ्यांचं आपोआप!" काका शेवटी आपल्या आवाजात म्हणायचे. "जगात आपोआप काही होत नाही. एक माझा गुडघा सोडला तर."

हे गुडघ्याचंही खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी काकांचा डावा गुडघा असा धरायचा की जिना उतरताना ते कठड्याला लोंबकळायचे. बायको म्हणाली, पाय बघू द्या, बूट करून देते. काका उखडले. "मला कसले खास बूट? माझे पाय काय बिघडलेत? एकदम साधे सरळ पाय आहेत." मग पुढे गुडघा बरा झाला. औषध नाही, पाणी नाही. आपोआप.

बायको बूट करून देते म्हणाली, कारण तिचा धंदाच तो. घरातली आतली खोली तिची. एक पाय लहान एक मोठा, बोटं वळलेली, टाच बसलेली, अपघातानंतर हाड वाकडं जुळलेलं, अशा पायांचे बूट ती शिवते. भिंतीवर छतापर्यंत खिळे आणि खिळ्यांना जोडीजोडीने टांगलेले लाकडी पाय. ज्या लाकडी पायावर चामडं ताणून बूट शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. तिच्याकडच्या जोड्यांत एकही फर्मा दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. आणि कोपऱ्यात हा संगणक. त्यात प्रत्येक पायाची मापं, तळव्यांची चित्रं, आणि चामडं कापायचे नमुने. नमुना कागदावर छापायचा, चामड्यावर ठेवायचा आणि कापायचा.

सध्या त्यात सगळ्यात महत्त्वाचा पाय होता पोस्टमनचा.

पोस्टमनची दुचाकी घसरली होती. पाय जुळला, पण उजवा अडीच सेंटीमीटर आखूड राहिला. परवा सकाळी त्याला वरिष्ठांसमोर पूर्ण भरलेली पिशवी घेऊन आपली फेरी चालून दाखवायची होती, जिन्यांसकट. जमलं तर फेरी त्याची. नाही जमलं तर कायमचं आत, पत्रं निवडायच्या टेबलावर. "ताई," तो बायकोला म्हणाला होता, "मला टेबलावर बसवलं ना, तर मी पत्ता नसलेल्या पाकिटासारखा तिथेच पडून राहीन हो." दोन महिन्यांत तिने तीनदा माप बदललं होतं, तीनदा नमुना. शेवटचा नमुना काल जमला. आज चामडं कापायचं, आजच शिवायचं, संध्याकाळी तळ चिकटवून दाबात ठेवायचा. डिंक पुरता वाळायला दीड दिवस. म्हणजे आज दुपारी कात्री चालली नाही, तर परवा पोस्टमन जुन्या बुटांत लंगडणार.

म्हणून बायकोने सकाळी चामडं आणायला जाताना पडद्यावर चिठ्ठी चिकटवली होती : "पोस्टमनचे बूट होईपर्यंत हात लावू नये. म्हणजे तुम्हीसुद्धा."

पण पडद्याच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका होता. तीन महिने होता. सिस्टीम अपडेट बाकी आहे, असं सांगणारा. आणि काका असे की समोरच्याच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं तरी त्यांचा हात शिवशिवतो. वीस मिनिटांचं तर काम, त्यांनी मनाशी म्हटलं. ती यायच्या आत यंत्र चकाचक. तिला कळणारही नाही. चिठ्ठी हळूच सोडवली, ठिपका दाबला, चिठ्ठी परत चिकटवली.

आणि आता चिठ्ठीच्या मागे हा निळा पडदा.

काकांना घाम फुटला. किल्ली का मागतोय, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? कुलूप त्यांनीच लावलं होतं. "उद्या चोराने संगणक पळवला तरी आत काय आहे हे त्याला मेला तरी वाचता येणार नाही," असं छाती फुगवून सांगितलं होतं. अपडेटने आतलं काहीतरी बदललं, कुलपाला संशय आला, आणि आता ते मालकालाच चोर समजत होतं.

"हरकत नाही," काका म्हणाले. "बॅकअप आहे."

ते गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले. मागच्या बाजूला काळी वायर होती. त्यांनीच जोडलेली, नीट गाठ मारून, पांढऱ्या पट्टीवर "बॅकअप" असं लिहून. काका वायरीवरून हात फिरवत तिच्या टोकापर्यंत गेले. टोकाला डिस्क नव्हती. वायर होती, पट्टी होती, गाठ होती. डिस्क नव्हती.

काका टेबलाखालीच बसून राहिले. मग आठवलं. मागच्या वर्षी मुख्याध्यापकांच्या संगणकातलं सगळं बाहेर काढायचं होतं, दुकानात डिस्क मोकळी नव्हती, म्हणून "एका दिवसासाठी" इथली नेली होती. ती अजून मुख्याध्यापकांकडे. त्यांच्या नातवंडांचे फोटो त्या डिस्कवर सुखरूप होते. पोस्टमनचा पाय नव्हता.

अख्ख्या गल्लीला बॅकअप विचारणाऱ्या माणसाच्या घरात नुसती वायर!

"जावईबापू, टेबलाखाली काय शोधताय?"

"पेन पडलं."

"सापडलं?"

"नाही."

"सापडेल. आपोआप."

काकांचं डोकं टेबलाला आपटलं.

उरलं एकच, पिवळं कार्ड. काका ज्या संगणकाला कुलूप लावतात, त्याची किल्ली पिवळ्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहून देतात आणि बजावतात, "हे संगणकाजवळ ठेवू नका, आणि विसराल अशा जागी तर मुळीच नको." घरचं कार्ड त्यांनी बायकोला दिलं होतं. आता काकांनी कपाटं उघडली, गाद्या उचलल्या, शिवणाचा डबा पालथा केला, घड्याळामागे हात घातला. आतल्या खोलीत खणन्‌खण शोधले. खिळे, सुया, मेण, सगळं काही निघालं.

"त्या खणात परवाच आवरलंय तिने," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "तुम्ही जिथे हात घालताय तिथे ती काही ठेवत नाही. तुम्ही हात घालता म्हणून."

बारा वाजले. जिन्यावर चपला वाजल्या.

काकांनी पटापट विचार केला. वीज गेली होती असं सांगावं का? पण पंखा सकाळपासून फिरतोय, आणि सासूबाई साक्षीला बसलेल्या. नको. सरळ खरं सांगायचं. चूक झाली, म्हणायचं. आपण काय मुख्याध्यापक आहोत? ठरलं.

बायको आत आली. खांद्यावर चामड्याची गुंडाळी, कपाळावर घाम. तिने पडदा पाहिला. गुंडाळी खांद्यावरच राहिली.

"हे काय?"

काकांनी तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून, शब्दाला शब्द, असं बाहेर पडलं :

"मी काहीच केलं नाही गं. ते आपोआप झालं."

काका आ वासून उभे. आपण काय बोललो, ते त्यांच्या कानांना आत्ता पोचत होतं. छाती पुढे आली होती. हात, कधी गेले कोण जाणे, पाठीमागे गेले होते. सव्वीस वर्षं ज्याची टर उडवली, तो माणूस त्यांच्याच शर्टात उभा होता.

खुर्चीतून आधी एक बारीक चिरका आवाज आला, किटली उकळताना येतो तसा. मग सासूबाई फुटल्या. "अगंबाई! अगं, हुबेहूब! आजवर एवढी हुबेहूब नक्कल केली नव्हती हो जावईबापू!"

बायको हसली नाही. तिने गुंडाळी खाली ठेवली, स्टूल ओढलं, बसली, आणि चष्म्यावरून बघत, अगदी काकांच्या दुकानातल्या आवाजात विचारलं, "बॅकअप आहे का?"

"वायर आहे," काका म्हणाले.

"वायर?"

"डिस्क मुख्याध्यापकांकडे राहिली."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "शेवटचं काय केलंत?"

"तो नारिंगी ठिपका होता ना…"

"हात कोणी लावला?"

काकांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या, पण कान इकडेच होते.

"मी," काका म्हणाले.

"ते मला दारातच कळलं," बायको म्हणाली. "चिठ्ठी उलटी लावलीत."

काकांनी पाहिलं. खरंच, "म्हणजे तुम्हीसुद्धा" हे शब्द डोक्यावर उभे होते. यंत्राने सांगायचीही गरज पडली नव्हती.

"अगं, माझं चुकलं. साफ चुकलं. पण आता त्या पोस्टमनचं काय? ते पिवळं कार्ड नसेल तर मी काय, जगातला कुठलाही माणूस हे उघडू शकत नाही. मी सगळं घर शोधलं. कुठे गेलं असेल ते?"

"कुठे जाणार? जागेवर आहे."

काकांच्या जिवात जीव आला. "कुठे?"

आणि इथे एक नवल घडलं. जी बाई कसलेल्या पोलिसासारखी उलटतपासणी घेत होती, ती अडखळली. तिने काकांच्या पायांकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा पायांकडे.

"तुम्ही जरा बाहेर जाता का? मी आकडे लिहून आणते."

"अगं, आता कसली लपवालपवी? माणसाचा पाय अडकलाय आत!"

"सांग आता," सासूबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. माझ्या पोटात दुखायला लागलं."

बायको उठली. स्टुलावर चढली. सगळ्यात वरच्या रांगेतल्या शेवटच्या खिळ्यावरून तिने जुन्या कापडात बांधलेली जोडी काढली. कापड सोडलं. आत दोन लाकडी फर्मे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. त्यांच्या दोऱ्यात ओवलेलं पिवळं कार्ड.

काकांनी कार्डाकडे हात नेला, आणि हात तिथेच थांबला. डावा फर्मा उजव्यापेक्षा बोटभर लांब होता. त्याची कमान खाली बसलेली, टाच बाहेरच्या बाजूला झुकलेली. आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली.

ही करंगळी काकांच्या ओळखीची होती. रोज आंघोळीला भेटायची.

"हा पाय…" ते म्हणाले. "हा तर माझा आहे."

बायको स्टुलावरून खाली उतरली.

काकांनी खाली आपल्या पायांतल्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. याच बुटांबद्दल त्यांनी दुकानात दहा जणांना सांगितलं होतं : "शोधलं की बाजारात मिळतात. पाय साधे सरळ असले की झालं." अकरा वर्षांत असे चार जोड झाले. दर वेळी बायकोनेच आणले, दुकानाच्या खोक्यात घालून. मला ते दुकान दाखव, असं काका एकदा म्हणाले होते, तर ती म्हणाली होती, फार लांब आहे.

"माप कधी घेतलंस?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

"दुपारी झोपायचात तेव्हा."

"चारही जोड?"

"चारही."

"मग माझा गुडघा…"

बायकोने कार्ड दोऱ्यातून सोडवलं. चेहरा इतका सरळ की पट्टीने आखल्यासारखा. "मी काहीच केलं नाही हो," ती म्हणाली. "ते आपोआप झालं."

सासूबाई पुन्हा फुटल्या. काका मटकन स्टुलावर बसले. निळ्या पडद्याचा धक्का एकीकडे आणि हा एकीकडे. संगणकाचं काय, तो बिघडतो, काका ते सव्वीस वर्षं बघत आलेत. पण आपण अकरा वर्षं दुसऱ्याच्या कामावर चालतोय, आणि वर आपल्याच पायांची फुशारकी मारतोय, हे त्यांना एका लाकडी करंगळीने सांगितलं होतं.

"बसून काय राहिलात? टंका," बायको म्हणाली. "मी सहा-सहा आकडे वाचते."

ती वाचत गेली, काका दाबत गेले. शेवटचा आकडा पडला. किल्ली चुकीची आहे, पडदा म्हणाला.

काकांनी कार्ड ओढून नाकाला लावलं. तिसऱ्या गटात त्यांनी स्वतःच्याच हाताने असा एक काढला होता की तो कुणालाही सात वाटावा.

"एक आहे हा!"

"मग एकासारखा काढायचा," बायको म्हणाली. "मला काय माहीत? दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर तुम्ही रात्री जेवताना काय काय केलं असतंत!"

पुन्हा अठ्ठेचाळीस. या वेळी पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग एक बारीकसं गोल चक्र फिरू लागलं, फिरत राहिलं, आणि पडदा उजळला. पोस्टमनच्या दोन तळव्यांची चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली, एक थोडं वर, एक थोडं खाली.

कोपऱ्यातला नारिंगी ठिपका गेला होता. काकांनी ते पाहिलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही.

दीड वाजता नमुना छापून झाला. काकांनी दुकान उघडलं नाही. बायको सांगेल तिथे चामडं ताणून धरलं, सांगेल तेव्हा सोडलं. मध्येच "हे असं केलं तर?" म्हणायला तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी नुसतं "अं?" केल्यावर मिटलं. संध्याकाळी उजेड असतानाच बूट दाबात बसले. मग काका आपले आपण मुख्याध्यापकांकडे गेले आणि डिस्क परत घेऊन आले. काय झालं हो, अचानक लागली, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. मुख्याध्यापक इतके खूश झाले की त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका दुकानात एका यंत्राचं झाकण उघडून बसले होते. बाहेर पावलं वाजली. त्यांनी डोकं वर केलं नाही, नुसता कान दिला. टक्, टक्, टक्, टक्. एकसारखी. दोन महिने हाच माणूस घरी यायचा तेव्हा टक् आणि ठप असं वाजायचं.

पोस्टमन वाकून आत आला. खांद्यावर भरलेली पिशवी, अंगात घामाने चिंब शर्ट, तोंडभर हसू. "काका, वीज खात्याचं पत्र. सही करा."

"म्हणजे…"

"म्हणजे फेरी माझी. चार जिने चढवले हो मला, चार! साहेब खालीच थांबले, त्यांना दम लागला." सही घेता घेता त्याची नजर खाली गेली. तो थबकला. "अरेच्चा. काका, तुमच्या बुटाची शिवण माझ्यासारखीच. टाचेचा उतार पण तोच. तुम्ही तर बाजारातून आणता ना? कुठल्या दुकानातले?"

काकांनी पेन टेबलावर ठेवलं. पाय टेबलाखाली ओढून घ्यायला निघाले होते, ते त्यांनी उलट पुढे केले, डावा जरा जास्तच, म्हणजे नीट दिसावा.

"घरचे आहेत," ते म्हणाले.